छत्तीस इंचांचं फाटक आणि ओढ्याकडचा उतार

वाचकांचे प्रश्न : घर, अंगण, अवजारं

प्रश्न : काका, नमस्कार. मागच्या हिवाळ्यात आम्ही नॉर्थ कॅरोलिनात वेक फॉरेस्टला घर घेतलं. प्लॉट १.६ एकरांचा आहे. पुढचं अंगण सपाट, मागे कुंपणाचं आवार, त्याला ३६ इंचांचं फाटक, आणि त्याच्या पलीकडे ओढ्यापर्यंत उतरत जाणारं गवत. गवत कापणारा माणूस एका खेपेचे ९० डॉलर सांगतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला यावंच लागेल म्हणतो. म्हणून राइडिंग मॉवर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, घ्यायचं ठरलंय. नवऱ्याला ५४ इंची झिरो टर्नच, म्हणजे स्टिअरिंगऐवजी दोन दांड्यांनी वळणारा, हवाय, कारण शेजारी त्याच्यावर सगळं झटपट उरकतो. मला साधा स्टिअरिंगवाला बरा वाटतो. सासरे मे महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. वय ६८. गावी त्यांनी पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. ते म्हणतात, "मशीन आणून ठेवा, गवताचं मी बघतो." मुलं पाच आणि नऊ वर्षांची आहेत. साडेतीन हजार डॉलरच्या वर जायचं नाही. काय घ्यावं?
— म. दे., वेक फॉरेस्ट

उत्तर : ताई, "ओढ्यापर्यंत उतरत जाणारं गवत" या शब्दांपाशी मी थांबलो. तुमचं मशीन त्या गवतावरून ठरणार आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथशेजारी वाढलो. नवा पंप मागायला शेतकरी आला की वडील आधी विचारायचे, "विहीर किती परूस हाय? पाणी कुठवर चढवायचंय?" किती अश्वशक्तीचा पंप, हा विषय त्यानंतर निघायचा. आता निवृत्तीनंतर मी इथे अमेरिकेत माझ्या गॅरेजात ओळखीपाळखीच्यांचे मॉवर दुरुस्त करतो. नवीन घेणारा कुणी सल्ला विचारायला आला, की मीही आधी त्याची जमीन विचारतो.

तर आधी क्षेत्रफळ. १.६ एकर म्हणजे ६४ गुंठे. त्यातून घर, ड्राइव्हवे, झाडाखालची जागा, फुलांचे वाफे वजा करा. वेक काउंटीचा आयमॅप्स नावाचा नकाशा संगणकावर उघडतो. त्यावर गवताच्या कडेकडेने टिचक्या मारत गेलं की क्षेत्रफळ निघतं. तुमच्यासारख्या प्लॉटवर प्रत्यक्ष कापायचं गवत ४५ गुंठ्यांच्या आसपास निघावं, म्हणजे एकराहून थोडं जास्त.

आता पात्यांची रुंदी. डेक म्हणजे मॉवरच्या पोटाखालचं पात्यांचं कवच. ४२ इंची डेक म्हणजे साडेतीन फूट. ताशी चार मैलांनी चाललं तर तासाला १.७ एकर, हे झालं कागदावर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, वळावं लागतं, झाडांना वळसे घालावे लागतात. हाती सव्वा एकर येतं. म्हणजे तुमचं काम ५५ मिनिटांचं. तेच ५४ इंची डेकने केलं तर ४३ मिनिटं. नवऱ्याला सांगा, जास्तीच्या त्या बारा इंचांनी आठवड्याला बाराच मिनिटं वाचतात. उलट रुंद डेक उंचसखल जमिनीवर उंचवटे खरवडतो. आपली तांबडी माती पावसाळी आठवड्यात बसते, कोरड्यात भेगाळते, त्यामुळे अशी ठिकाणं तुमच्याकडे असणारच.

फाटकाचं मात्र टाळता येणार नाही. ३६ इंचांच्या फाटकातून ४२ इंची डेक जात नाही, आणि गवत बाहेर फेकणारं तोंड बाजूला आलेलं असतं ते आणखी वेगळं. ३० इंची डेकचे, मागे इंजिन असलेले छोटे राइडर मिळतात. ते तुमच्या फाटकातून जातील, पण एकरभर गवतावर तुम्ही कंटाळून जाल. मशीन फाटकाच्या मापाचं घेऊ नका. कुंपणवाल्याला बोलवून फाटक पाच फुटांचं दुहेरी करून घ्या. बजेटमध्ये त्यासाठी काही शे डॉलर आत्ताच बाजूला काढा.

आता उतार. चार फुटांची सरळ फळी, पाणसळ आणि टेप घेऊन दोघं जण ओढ्याकडे जा. फळीचं एक टोक उताराच्या वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा. दुसरं टोक हवेत धरून पाणसळीने फळी सपाट करा. त्या हवेतल्या टोकापासून सरळ खाली जमिनीपर्यंत टेप लावा. साडेआठ इंच भरले तर उतार १० अंशांचा. तेरा इंच भरले तर १५ अंशांचा. बहुतेक राइडिंग मॉवरच्या पुस्तिकेत १५ अंश ही शेवटची मर्यादा दिलेली असते. मी १० अंशांच्या पुढे गेलो की जपून चालवतो, आणि गवत ओलं असेल तर उतारावर पाऊलच ठेवत नाही. तीन-चार ठिकाणी मोजा, सगळ्यात तीव्र जागेचं माप धरा. सरासरी काढू नका, मशीन उलटतं ते सगळ्यात तीव्र जागेवर.

झिरो टर्न मला आवडतो. सपाट मैदानावर, झाडांच्या गर्दीत, त्याच्यासारखं दुसरं मशीन नाही. जागच्या जागी वळतो, मागे न कापलेलं शेपूट राहत नाही. पण त्याची घडण समजून घ्या. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र हायड्रॉलिक पंप आणि मोटरी, प्रत्येकाचा एक दांडा. पुढची दोन चाकं नुसती फिरती, दुकानातल्या ट्रॉलीसारखी. ती ना वळवतात, ना थांबवतात. वळणं, थांबणं, मागे येणं हे सगळं मागच्या दोन चाकांच्या पकडीवर. उताराने खाली येताना वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. ती एकदा घसरली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही एकाच क्षणी हातातून जातात. स्टिअरिंगवाल्या मॉवरचाही (त्याला लॉन ट्रॅक्टर म्हणतात) ब्रेक मागेच असतो, पण त्याची पुढची चाकं निदान दिशा तरी धरून ठेवतात.

हे मी अनुभवाने सांगतो. एका मित्राचा झिरो टर्न दुरुस्त केला आणि तपासायला म्हणून त्याच्याच तळ्याकाठी चालवला. मे महिना, सकाळचे दहा, दव पुरतं वाळलं नव्हतं. काठाकडे उतरताना दोन्ही दांडे मागे ओढले. चाकं थांबली, मशीन थांबलं नाही. पाव टनाचं ते धूड मला घेऊन पंधरा-वीस फूट तसंच सरकत गेलं आणि काठावरच्या एका बुंध्याला अडलं. तो बुंधा नसता तर मशीन माझ्या अंगावर घेऊन मी पाण्यात गेलो असतो. चूक मशीनची नव्हती. मी त्याला नको तिथे नेलं होतं.

तुमचं माप १५ अंशांच्या वर निघालं तर त्या पट्ट्यावर कुठलंच बसायचं मशीन नेऊ नका, स्टिअरिंगवालंसुद्धा नाही. तिथे गवत कापायचं सोडून द्या. तुमच्याकडच्या न्यूस नदीच्या खोऱ्यातल्या ओढ्यांच्या दोन्ही काठांना ५० फुटांचा हिरवा पट्टा राखायचा नियम १९९७ पासून आहे. तिथे काही लावण्याआधी किंवा तोडण्याआधी नगरपालिकेत एक फोन करून विचारा. पण तो पट्टा तसाच वाढू दिलात तर काठ धरून राहतो, पाणी गाळून ओढ्यात जातं, आणि तुमचं दर आठवड्याचं धोक्याचं काम कायमचं संपतं. गवताचं लॉन ओढ्याच्या पाण्याला टेकलंच पाहिजे असा हट्ट कशासाठी? १० ते १५ च्या मधला जो भाग आहे तो राइडिंग मॉवरने सरळ वर आणि सरळ खाली कापायचा, आडवं जायचं नाही. हाताने ढकलायच्या मॉवरचं याच्या उलट असतं, तो उतारावर आडवा चालवतात, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली जात नाही. घरात दोन्ही प्रकार असले की माणसं इथेच गोंधळतात.

आता मशीनच्या आतलं. गिअरची भानगड नको, हायड्रोस्टॅटिक घ्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी पेटी. पायाने दाबलं की चालतं, सोडलं की थांबतं. पण या पेटीतही हलकी आणि भारी असते. स्वस्त मॉडेलमध्ये सीलबंद, छोटी पेटी असते. सपाट जमिनीवर ती वर्षानुवर्षं चालते. रोज चढ चढवलात तर आतलं तेल तापून पातळ होतं, आणि काही हंगामांनी मशीन तापलं की चढावर दम टाकायला लागतं. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, "या पेटीचं तेल बदलता येतं का?" येत असेल तर पेटी बहुधा बरी असते. ओढ्याचा उतार सोडून दिलात तर तुम्हाला साधी पेटीही पुरेल, म्हणजे त्या एका निर्णयाने मशीनचीही किंमत खाली येते.

इंजिनात ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी ही नावं दिसतील. या प्रत्येकाकडे घरगुती आणि धंद्याच्या वापराची अशा वेगवेगळ्या मालिका असतात, तेव्हा नुसतं नाव बघून भुलू नका. ४२ इंची डेकला १७-१८ अश्वशक्ती भरपूर होते. २४ चा आकडा स्टिकरवर छान दिसतो, पण तुमच्या गवताला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा डेकचा पत्रा बघा. त्याला गेज म्हणतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, त्यामुळे ११ गेज हा १३ पेक्षा जाड.

कुठून घ्यायचा? मोठ्या साखळी दुकानातही मिळतो आणि गावातल्या डीलरकडेही. माझं मत डीलरकडे झुकतं. जूनमध्ये पाती फिरवणारा पट्टा (बेल्ट) तुटला की मशीन उचलून नेणारा, दुरुस्त करून आणून देणारा माणूस कोण, हे विकत घेण्याआधी ठरलेलं बरं. दुकानात जाऊन एक प्रश्न विचारा, "आत्ता मशीन आणलं तर किती दिवसांनी परत मिळेल?" तीन आठवडे म्हणाले तर तोवर तुमचं गवत गुडघ्याला लागलेलं असेल.

सासऱ्यांबद्दल. पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाचा हात आणि कान दोन्ही तयार असतात. इंजिनाचा आवाज बदलला की त्यांना तुमच्या आधी कळेल. त्यांना हे काम जरूर करू द्या. परक्या देशात सहा महिने सोफ्यावर बसून काढणं किती जड जातं ते मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलंय. ते आले तेव्हा मी त्यांना गॅरेजात एक टेबल आणि नट-बोल्टचे पाने दिले, आणि त्यांची झोप सुधारली. पण सासऱ्यांसमोर बसून दोन गोष्टी मराठीत नीट समजावा. पहिली, गावच्या ट्रॅक्टरचं अवजार मागे असतं आणि दिसतं. इथे पाती पोटाखाली असतात, दिसत नाहीत, आणि त्यांची टोकं ताशी ३०० किलोमीटरच्या घरात फिरतात. अडकलेलं गवत काढायला हात घालायचा तो इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून आणि पाती थांबलेली डोळ्यांनी बघूनच. दुसरी, ट्रॅक्टरला बांधावर नेण्याचा जो आत्मविश्वास आहे तो इथे चालणार नाही. हे मशीन हलकं आहे, चाकं लहान आहेत, आणि उलटलं तर वाचवणारा लोखंडी सांगाडा लॉन ट्रॅक्टरला सहसा नसतो. पहिल्या दोन वेळा पाती बंद ठेवून नुसतं फिरू द्या. भेटीला आलेल्या माणसाचा आरोग्य विमा किती तोकडा असतो हे तुम्ही जाणताच.

आणि मुलं. हे मी शेवटी लिहितोय, पण तुम्ही हे आधी वाचावं.

माझी नात चार वर्षांची असताना मी तिला मांडीवर घेऊन मॉवरवरून फिरवायचो. पाती बंद ठेवून, अगदी हळू. तिला ते इतकं आवडायचं की शनिवारी इंजिनाचा आवाज आला की ती बूट शोधायला लागायची. एका शनिवारी मी गवत कापत होतो, पाती चालू होती, आणि झुडपाजवळून मागे येत होतो. कानावर आवाज अडवणारे मफ होते. ती मागच्या दारातून निघून माझ्याकडे पळत आली, कारण तिच्या लेखी मॉवर म्हणजे आजोबांची मांडी. पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली ते मला ऐकू आलं नाही. तिने ताट खिडकीच्या काचेवर आपटलं, काच तडकली, त्या हालचालीने माझी नजर वळली. नात माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती.

मागे येताना पाती आपोआप बंद पाडणारी सोय आता मशीनमध्ये असते. पण ती चालकाला किल्ली फिरवून किंवा बटण दाबून बाजूला सारता येते, आणि घाईत माणसं ते सवयीने करतात. त्या दिवशी मीही तेच केलं होतं. तेव्हापासून माझ्या घरी नियम आहे : मॉवर चालू असताना मुलं घरात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक मोठं माणूस, ज्याच्याकडे तेवढंच काम. मांडीवर कुणीही नाही, पाती बंद असली तरीही नाही. एकदा चक्कर मारली की मुलाच्या मनात ते मशीन खेळणं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना राइडिंग मॉवर चालवायला किमान १६ वर्षं वय सांगते, म्हणजे तुमच्या नऊ वर्षांच्याला अजून सात वर्षं आहेत. आजोबा आले की नातवंडं हट्ट करतील आणि आजोबांचं मन मोडणार नाही. म्हणून हे त्यांच्याशी मे महिन्याआधी, फोनवरच बोला.

तर माझा निर्णय : ४२ इंची, हायड्रोस्टॅटिक, स्टिअरिंगवाला लॉन ट्रॅक्टर. अडीच हजार डॉलरच्या आसपास चांगला मिळतो. उरलेल्यातून फाटक, कानाचे दोन मफ आणि पात्यांचा एक जादा जोड घ्या. तीस आठवड्यांचे ९० डॉलरप्रमाणे २,७०० होतात, म्हणजे पहिल्याच हंगामात किंमत जवळजवळ वसूल. नवऱ्याने झिरो टर्नचा हट्ट धरला आणि ओढ्याचा उतार खरोखरच सोडून दिलात, तर सपाट भागासाठी ४२ इंची झिरो टर्नलाही माझी ना नाही. पण मग तो सासऱ्यांना देऊ नका. पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलेला हात संकटाच्या क्षणी स्टिअरिंगच शोधतो, आणि तिथे दोन दांडे असतात.

प्रश्न : कोलंबस, ओहायो. पाऊण एकर, एकदम सपाट. बॅटरीवरचा राइडिंग मॉवर घ्यावा की पेट्रोलचा? मित्र म्हणतात बॅटरी म्हणजे खेळणं.
— सु. प.

उत्तर : मी आयुष्यभर इंजिनं उघडली. इंजिनाचा वास मला आवडतो. तरी तुम्हाला बॅटरीच सुचवतो. पाऊण एकर सपाट जमीन हे बॅटरीचं हक्काचं काम आहे. कार्बोरेटर नाही, तेल बदलणं नाही, वसंतात सुरू होत नाही म्हणून डोक्याला हात लावणं नाही. रायोबी, ईगो यांचे बसायचे मॉवर दुकानात उभे असतात, जाऊन बसून बघा.

मात्र खोक्यावर लिहिलेल्या एकरांवर जाऊ नका. तो आकडा कोरड्या, बेताच्या वाढलेल्या गवतावरचा असतो. तुमच्याकडे मेमध्ये ब्लूग्रास ओलं, दाट आणि चार दिवसांत वाढलेलं असतं, तेव्हा बॅटरी लवकर उतरते. जाहिरातीतलं क्षेत्र तुमच्या गरजेच्या दीडपट तरी असू द्या. बॅटरी लिथियमची आहे की शिशाची, ते विचारा. शिशाची स्वस्त पडते, पण जड असते आणि लवकर थकते. बदलायची वेळ आली तर किती खर्च, हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या. हिवाळ्यात लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. अर्ध्याच्या आसपास भरून, गोठणार नाही अशा जागी ठेवा.

आवाजाचाही विचार करा. वर्कशॉपच्या ठोक्यांनी माझा डावा कान मंद झालाय, आणि पेट्रोल मॉवरवर बसणाऱ्याच्या कानाशी तो तासभर तसाच गरजत असतो. पेट्रोलचा घेतलात तरी मफ लावल्याशिवाय बसू नका.

प्रश्न : शेजारी ११ वर्षं जुना लॉन ट्रॅक्टर ८०० डॉलरला देतोय. मीटरवर ४२० तास. घ्यावा का?
— अ. कु., न्यू जर्सी

उत्तर : जायच्या आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवून बघा. गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायला ते बहुधा त्रास देतं आणि मालकाला ते ठाऊक आहे.

तेलाची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर गळून पेट्रोल तेलात उतरतंय. दुरुस्ती छोटी, पण तसंच चालवलं गेलं असेल तर इंजिन झिजलेलं असणार. स्पार्क प्लगची वायर काढा, हातमोजे घालून पातं वर-खाली हलवा. खुळखुळलं तर स्पिंडलचं, म्हणजे पात्याच्या आसाचं, बेअरिंग गेलंय. डेकच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा पापडासारखा मोडला तर तिथूनच घरी या.

आणि आता ज्यासाठी बहुतेक जण थांबत नाहीत ते. वीस मिनिटं चालवून हायड्रोस्टॅटिक पेटी पूर्ण तापू द्या आणि मग चढावर न्या. थंड असताना सगळेच मॉवर चढतात. तापल्यावर चढला, तर ४२० तासांना मी घाबरणार नाही, ८०० देईन. सीटखालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि पट्टा, पाती, फिल्टर अजून मिळतात का ते पैसे देण्याआधीच शोधा.

प्रश्न : दर मार्चमध्ये आमचा मॉवर सुरू होत नाही. दर वर्षी १२० डॉलर जातात.
— वि. गो., मिशिगन

उत्तर : टाकीत राहिलेलं पेट्रोल. इथल्या पंपावरच्या पेट्रोलात १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि महिन्याभरातच शिळं व्हायला लागतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या कापणीला टाकीत पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. १५ टक्क्यांचं स्वस्त पेट्रोल मॉवरमध्ये कधीच घालू नका. बॅटरी काढून आत ठेवा. एवढ्यावर ते १२० डॉलर बहुतेक वाचतील.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. मुळशीला २५ गुंठ्यांचं फार्महाऊस आहे, आई-वडील तिथे राहतात. इथून एक राइडिंग मॉवर कंटेनरने पाठवावा म्हणतोय. वडिलांना बरं पडेल.
— रा. शि.

उत्तर : पाठवू नका. वडिलांना बरं पडावं ही तुमची इच्छा मला कळते, पण ते मशीन त्यांच्या डोक्याचा ताप होईल.

२५ गुंठे म्हणजे २७,२२५ चौरस फूट. घर आणि झाडं वगळून वीसेक गुंठे गवत धरा. स्वतःच्या इंजिनाने पुढे सरकणारा २१ इंची हात-मॉवर दीड-पावणेदोन तासांत तेवढं कापतो. गवत जोमाने वाढतं ते जून ते सप्टेंबर, आणि नेमकं तेव्हाच मुळशीची जमीन इतकी भिजलेली असते की बसायचा जड मॉवर चाकं रुतवून चर पाडतो. उन्हाळ्यात हरळी वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. बॅटरीवालं पाठवायचा विचार असेल तर इथला चार्जर ११०-१२० व्होल्टचा असतो, तिथे २३० येतात. आणि मुख्य म्हणजे पट्टा तुटला की त्या मापाचा पट्टा पौडात किंवा पिरंगुटात शोधत वडील फिरणार.

पुण्यात दुकानात जाऊन, ज्याचे सुटे भाग त्याच दुकानात मिळतात असा हात-मॉवर घ्या. बांधाच्या कडेला आणि उतारावर ब्रश कटर. दोन्ही यंत्रं चालवायला गावातलाच एखादा माळी आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्यालाही काम मिळेल. ब्रश कटर चालवणाऱ्याला गमबूट आणि डोळ्यांवर जाळीचा मुखवटा हे दोन्ही तुमच्या पैशाने घेऊन द्या. तिथल्या गवतात काळ्या दगडाच्या खपल्या असतात, त्या गोळीसारख्या उडतात. आणि पावसाळ्यात त्याच गवतात फुरसं असतं, घोणस असते. कापायच्या आधी काठी आपटत एक फेरी मारायची, हे वडिलांना माहीत असेलच. माळ्यालाही ते सांगायला लावा.